हिरा, गारगोटी आणि पेन्सिल: महाकाय सहसंयुज पदार्थ मुळापासून समजून घेण्याची रीत

‘सहसंयुज संयुगांचे द्रवणांक आणि उत्कलनांक कमी असतात.’ शाळेत हे वाक्य इतकं घोटून पाठ झालेलं असतं की पुढे हिऱ्याचा आकडा समोर आला की गाडी अडते. हिऱ्यात सगळे बंध सहसंयुज, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन केलेले, आणि तरीही तो साडेतीन हजार अंशांपर्यंत वितळायचं नाव घेत नाही. मग मुलं त्याला ‘अपवाद’ म्हणून वहीत चौकटीत लिहितात. गारगोटी दुसरा अपवाद, सिलिकॉन कार्बाइड तिसरा. अपवादांची यादी वाढत गेली की समजावं, नियमच अर्धवट सांगितला गेलाय.

पाणी उकळतं तेव्हा त्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटत नाही. वाफेतही पाण्याचे रेणू अखंडच असतात, फक्त एकमेकांपासून लांब गेलेले. आयोडीन, मेण, कापूर यांचंही तेच. म्हणजे ‘कमी द्रवणांक’ ही सहसंयुज बंधाची कमजोरी नाही. तिथे सहसंयुज बंधाला धक्काच लागलेला नसतो, सुटतं ते दोन रेणूंमधलं हलकं आकर्षण. हिऱ्यात मात्र वेगळे रेणूच नाहीत. तिथे काही वितळवायचं तर थेट कार्बन-कार्बन बंधावरच घाव घालावा लागतो.

या लेखात गुणधर्मांची यादी पाठ करायची नाही. दर वेळी दोन प्रश्न विचारायचे. हा बदल व्हायला नेमकं काय तुटायला हवं? आणि विद्युतभार वाहून न्यायला कोणी मोकळं आहे का? बाकी सगळं यातून निघतं.

पायरी १: बंध मोजा आणि रचना कुठे संपते ते पाहा

प्रत्येक अणूला बंधांसाठी ठरावीक ‘हात’ आहेत असं धरा. हायड्रोजनला १, ऑक्सिजनला २, नायट्रोजनला ३, कार्बन आणि सिलिकॉनला ४. आता मिथेन घ्या. कार्बनने चार हात चार हायड्रोजनना दिले, हायड्रोजनकडे दुसरा हात नाही, विषय संपला. हा झाला साधा रेणू. कार्बनने चारही हात कार्बनलाच दिले तर? त्या चौघांचे प्रत्येकी तीन हात अजून रिकामे. तेही कार्बनलाच मिळाले की पुढे आणखी. स्फटिकाचा पृष्ठभाग येईपर्यंत ही रचना संपतच नाही. यालाच महाकाय सहसंयुज रचना म्हणतात, बारावीच्या भाषेत कोव्हॅलंट नेटवर्क सॉलिड.

महाकाय म्हणजे किती, याचा हिशेब एकदा स्वतः करून बघा. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. कार्बनचा १ मोल १२ ग्रॅमचा. भागाकार करून ॲव्होगॅड्रो संख्येने गुणलं की उत्तर येतं साधारण १ वर २२ शून्यं इतके अणू. प्रत्येक अणूचे चार बंध, पण प्रत्येक बंध दोघांत वाटलेला, म्हणून बंध अणूंच्या दुप्पट. अंगठीतला तो एक खडा तत्त्वतः एकच सलग रेणू आहे.

आता खरा अवघड प्रश्न. कार्बन आणि सिलिकॉन एकाच गटातले, दोघांचेही डायऑक्साइड. मग कार्बन डायऑक्साइड वायू आणि सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे वाळू, असं का? ‘सिलिकॉन मोठा असतो’ एवढ्यावर सोडून देऊ नका, आकडे मांडा.

कार्बनला ऑक्सिजनशी दोन जोडबंध करायचे असतील तर प्रत्येकी सुमारे ८०० किलोज्यूल प्रति मोल, म्हणजे एकूण १६०० मिळतात. त्याऐवजी चार एकेरी बंध केले तर प्रत्येकी सुमारे ३५८, एकूण १४३०. जोडबंधात फायदा जास्त, म्हणून कार्बन दोन ऑक्सिजनांतच हात संपवतो आणि सुटा रेणू तयार होतो. सिलिकॉनचा हिशेब नेमका उलटा. सिलिकॉन-ऑक्सिजन एकेरी बंध भलताच भक्कम, सुमारे ४५० चा. चार बंधांचे झाले १८००. जोडबंध मात्र लंगडा, कारण सिलिकॉनची मोठी पी-कक्षा (जोडबंधाचे इलेक्ट्रॉन असतात ती जागा) ऑक्सिजनच्या छोट्या कक्षेवर नीट बसत नाही. त्याला उदारपणे ६४० धरलं तरी दोघांचे १२८०. एवढा तोटा सिलिकॉन कशाला सोसेल? तो चार वेगवेगळ्या ऑक्सिजनना धरतो, प्रत्येक ऑक्सिजनचा दुसरा हात पुढच्या सिलिकॉनकडे जातो, आणि जाळं पसरत राहतं.

कार्बन डायऑक्साइडलाही असं जाळं करायला लावता येतं, पण त्यासाठी त्याला फार पिळावं लागतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत वातावरणाच्या काही लाख पट दाब आणि लेझरची उष्णता देऊन त्याचा असा जाळीदार घन मिळवला गेला. म्हणजे ‘कार्बन डायऑक्साइड रेणुरूपच असतो’ हे वाक्यसुद्धा आपल्या रोजच्या दाबापुरतंच खरं.

याच पायरीवर सूत्राचा अर्थ लावून टाका. सिलिकाच्या, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडच्या, जाळ्यात प्रत्येक सिलिकॉनभोवती ४ ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजनभोवती २ सिलिकॉन. म्हणून प्रमाण १ ला २. ‘सिलिकॉन डायऑक्साइडचा रेणू’ अशी वस्तू गारगोटीत कुठेही सापडणार नाही, सूत्र फक्त प्रमाण सांगतं. सिलिकॉन नायट्राइडचं करून बघा: सिलिकॉनचे ४ हात, नायट्रोजनचे ३, तेव्हा ३ सिलिकॉनना ४ नायट्रोजन. सूत्र पाठ न करता हातात आलं.

पायरी २: हाताने बांधा

चित्र बघून चतुष्फलक, म्हणजे मध्ये एक अणू आणि चार कोपऱ्यांना चार शेजारी ही रचना, कळला असं वाटतं, पण कळलेला नसतो. रात्री वाटीभर काबुली चणे भिजत घाला, टूथपिकचं एक पाकीट आणा. चणे भिजले की टूथपिक सहज रुततात आणि चणा वाळत गेला की काडी घट्ट बसते.

एका चण्यात तीन काड्या अशा खोचा की तो तिपाईसारखा टेबलावर उभा राहील. चौथी काडी सरळ वर. कोणत्याही दोन काड्यांमधला कोन सारखाच दिसला पाहिजे, तो असतो १०९.५ अंशांचा. कोनमापक लावायची गरज नाही. चण्याला उलटसुलट करून कोणत्याही तीन काड्यांवर उभं केलं तरी तो तसाच दिसला, म्हणजे जमलं.

मग १० चण्यांचा पिंजरा बांधा. आधी सहा चण्यांचं कडं जोडा. ते सपाट राहणार नाही, एक चणा वर, एक खाली असं नागमोडी होईल. होऊ द्या. कडं टेबलावर ठेवलं की त्यातले तीन चणे उंचावर येतील. त्या प्रत्येकावर एकेक चणा बसवा आणि या नव्या तिघांना जोडणारा दहावा चणा अगदी वर. पिंजऱ्यात एकूण १२ काड्या लागतात. चार चण्यांना तीन-तीन शेजारी मिळतात, सहा चण्यांना दोन-दोन. प्रत्येकाचे चार हात पुरे करण्यासाठी बाहेर डोकावणाऱ्या १६ काड्या आणखी खोचा. हा हिऱ्याच्या जाळ्याचा सगळ्यात छोटा बंदिस्त तुकडा. आता तो बोटांनी दाबून बघा. कुठूनही दाबलं तरी जोर सगळ्या काड्यांत वाटला जातो आणि कोणताही थर सरकत नाही, कारण वेगळा थरच नाही. प्रत्यक्ष हिऱ्यात या काडीची लांबी १५४ पिकोमीटर असते.

हेच मॉडेल फुकटात आणखी दोन पदार्थ शिकवून जातं. सगळे चणे सिलिकॉन समजा, काडी २३५ पिकोमीटरची समजा, झाला सिलिकॉनचा स्फटिक. कार्बन आणि सिलिकॉन एकाआड एक समजा, की झालं सिलिकॉन कार्बाइड. आणि सिलिकॉनच्या मॉडेलमधल्या प्रत्येक काडीच्या मधोमध मातीची एक लाल गोळी चिकटवली, ती ऑक्सिजन धरली, तर सिलिका. काटेकोर बोलायचं तर ही सिलिकाच्या क्रिस्टोबलाइट नावाच्या रूपाची सोपी केलेली रचना आहे. गारगोटीत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, हेच चतुष्फलक मळसूत्रासारखे वळत जातात आणि ऑक्सिजनपाशी कोन सरळ नसून सुमारे १४४ अंशांचा असतो. शेजाऱ्यांची मोजणी मात्र तीच, ४ आणि २. परीक्षेत क्रिस्टोबलाइटचं चित्र चालतं.

ग्राफाइटसाठी चण्यात तीनच काड्या, एकाच पातळीत, १२० अंशांवर. षटकोनांची जाळी तयार होईल. अशा दोन जाळ्या करा. बंधाची लांबी १४२ पिकोमीटर, पण दोन जाळ्यांमधलं अंतर ३३५, म्हणजे दुपटीहून जास्त. प्रमाणात ठेवायचं तर टूथपिक जेवढी लांब, त्याच्या सव्वादोन पट उंचीवर वरची जाळी धरा. आणि ती खालच्या जाळीवर तंतोतंत ठेवू नका. थोडी सरकवा, म्हणजे वरचे निम्मे अणू खालच्या अणूंवर आणि निम्मे खालच्या षटकोनांच्या मध्यावर येतील. दोन जाळ्यांमध्ये एकही काडी नाही, हे नीट बघून ठेवा. पुढे त्या मोकळ्या जागेचं काम पडणार आहे.

पायरी ३: द्रवणांकाचं कारण लावा

पहिला प्रश्न विचारा: वितळायला काय तुटायला हवं? हिरा, सिलिका, सिलिकॉन कार्बाइड, सगळीकडे उत्तर एकच: असंख्य सहसंयुज बंध. बंध जितके भक्कम आणि आखूड तितका आकडा वर. सिलिकॉनचा बंध लांब, द्रवणांक १४१४ अंश सेल्सिअस. जर्मेनियमचा त्याहून लांब, ९३८. सिलिका १७१० च्या आसपास. सिलिकॉन कार्बाइड तर नेहमीच्या दाबाला नीट वितळतच नाही, २७०० च्या सुमारास विघटित होतं.

ग्राफाइटपाशी मुलं हमखास घसरतात. ‘थरांमधलं आकर्षण कमजोर, म्हणून द्रवणांक कमी’ असं लिहून मोकळी होतात. ग्राफाइट नेहमीच्या दाबाला वितळत नाही, ३६०० अंशांच्या वर त्याचं थेट संप्लवन होतं, म्हणजे घनातून सरळ वायू. थर सुटे झाले तरी प्रत्येक थर स्वतःच एक अवाढव्य घन पत्रा आहे. पत्रे वेगळे होणं म्हणजे वितळणं नव्हे. पत्र्याच्या आतले बंध तुटायला हवेत, आणि ते हिऱ्यातल्या बंधापेक्षाही आखूड आणि भक्कम आहेत.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या दाबाला आणि तापमानाला हिऱ्यापेक्षा ग्राफाइट किंचित जास्त स्थिर आहे, फरक जेमतेम १.९ किलोज्यूल प्रति मोल. म्हणून अंगठीतला हिरा उद्या शिसपेन्सिलीत जमा होईल असं नाही. तसं व्हायला सगळं जाळं मोडून नव्याने जोडावं लागेल, आणि तेवढी ऊर्जा खोलीत कोणी देत नाही. गरम हवेत मात्र हिरा जळतो. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट याने हिरा जाळून दाखवलं की तेवढ्याच वजनाचा कार्बन जाळल्यावर मिळतो तितकाच कार्बन डायऑक्साइड वायू मिळतो, म्हणजे हिरा निव्वळ कार्बन आहे.

पायरी ४: वीज कोण वाहून नेतं ते शोधा

दुसरा प्रश्न. हिऱ्यात कार्बनचे चारही इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले, मोकळं कोणी नाही, आयन (विद्युतभारित अणू) तर नाहीतच. वाहकता नाही. गारगोटीचंही तेच. ग्राफाइटमध्ये तीन बंध झाल्यावर प्रत्येक कार्बनचा एक इलेक्ट्रॉन उरतो आणि तो थरभर फिरू शकतो. म्हणून थराच्या दिशेने वीज उत्तम वाहते, थराला आडवी मात्र फारच कमी. सिलिकॉन मधला: बंधांतून काही थोडे इलेक्ट्रॉन खोलीच्या तापमानालाही सुटतात, आणि तापवलं की आणखी सुटतात. धातू तापवला की वाहकता घटते, सिलिकॉनची वाढते. एवढा एक फरक परीक्षेत दोन गुण मिळवून देतो.

घरी करून बघायचं असेल तर ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर घ्या. तिन्ही एका ओळीत जोडा आणि वायरीत एक जागा तोडून ठेवा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. तोडलेल्या जागी दोन्ही बाजूंनी तासलेल्या पेन्सिलीची दोन टोकं लावा, एलईडी लागेल. पेन्सिलीऐवजी गारगोटी धरली तर काही होणार नाही. मग कागदावर ६बी पेन्सिलीने बोटाएवढ्या रुंदीची पट्टी दाबून गिरवा, पुन्हा गिरवा, चकाकी येईपर्यंत. तिच्यावर दोन तारा सेंटीमीटरभर अंतरावर टेकवा. एलईडी मिणमिणता लागेल. तारा लांब नेल्या की मंदावेल. २एच पेन्सिलीची पट्टी बहुतेक दगा देईल, कारण पेन्सिलीचं ‘शिसं’ म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण, आणि कठीण पेन्सिलीत मातीचं प्रमाण जास्त. रेझिस्टर वगळून पेन्सिल थेट बॅटरीला लावू नका, ती तापते. आणि भिंतीतल्या प्लगच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

या प्रयोगात थराची दिशा मात्र दिसणार नाही. पेन्सिलीत बारीक कण वाट्टेल त्या दिशांना पडलेले असतात.

पायरी ५: कठीण, मऊ, ठिसूळ वेगवेगळं करा

कठीण म्हणजे ओरखडा न उमटणारं. मोह्‌सच्या मापावर हिरा १०, सिलिकॉन कार्बाइड ९ च्या वर, गारगोटी ७, ग्राफाइट १ ते २. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर हाताशी असेल तर त्यावरचे चमचमते कण बहुधा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. १८९० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ॲचिसनने ते विजेच्या भट्टीत बनवलं आणि कार्बोरंडम या नावाने विकलं.

पण कठीण म्हणजे न फुटणारं नव्हे. हिऱ्यावर हातोडी मारली तर त्याचे तुकडे होतात. धातूत अणूंचे थर सरकले तरी बंध टिकतो, इथे बंधांची दिशा ठरलेली. जरा सरकलं की बंध तुटलाच. त्यातही काही पातळ्यांमधून कमी बंध आरपार जातात, आणि हिऱ्याचे कारागीर पूर्वापार त्याच पातळीवर हिरा चिरत आले आहेत.

ग्राफाइट मऊ आणि बुळबुळीत का, याचं पुस्तकी उत्तर ‘थर एकमेकांवर सरकतात’. ते लिहा, गुण मिळतील. पण गोष्ट तेवढीच नाही. निर्वातात ग्राफाइट चांगलं वंगण राहत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फार उंचावर उडणाऱ्या विमानांतल्या यंत्रांचे कार्बन ब्रश भराभर झिजायला लागले तेव्हा हे ठळकपणे लक्षात आलं. हवेतली वाफ आणि इतर वायू ग्राफाइटला चिकटून घर्षण कमी करतात, ती वाफच वर विरळ होते. म्हणून अवकाशयानांत मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखी दुसरी कोरडी वंगणं वापरतात.

गारगोटीचा एक गमतीचा प्रयोग रात्री करण्याजोगा आहे. नदीच्या पात्रातून दोन पांढऱ्या, दुधी गारगोट्या आणा. चष्मा लावा, खोलीत पूर्ण अंधार करा, डोळे सरावू द्या आणि दोन्ही एकमेकींवर जोरात घासा. दगडाच्या आत पिवळट उजेड चमकतो आणि जळल्यासारखा वास येतो. पाण्यात बुडवून घासलं तरी चमकतो, म्हणजे ही ठिणगी नव्हे. घासताना आणि फुटताना पृष्ठभागांवर भार विलग होतात, त्यातून हा उजेड निघतो. क्वार्ट्झ दाबला की त्याच्या बाजूंवर भार येतो, हे १८८० मध्ये क्युरी बंधूंनी दाखवलं होतं. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात त्याचाच उलटा वापर आहे: वीज दिली की स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो.

पायरी ६: विद्राव्यता

पाण्याचे रेणू मिठाचे आयन ओढून काढतात, कारण आयनाभोवती गोळा होऊन त्यांना भरपूर ऊर्जा मिळते. हिऱ्याचा एक अणू ओढून काढायला चार बंध तोडायचे आणि बदल्यात पाण्याला काहीच मिळत नाही. म्हणून पाणी असो की पेट्रोल, हिरा आणि ग्राफाइट विरघळत नाहीत. सिलिकाला हायड्रोफ्लुओरिक आम्ल खातं, गरम तीव्र अल्कलीही खाते. तिथे मात्र विरघळणं नव्हे, रासायनिक अभिक्रिया होते.

गारगोटी पाण्यात ‘अविद्राव्य’ हे परीक्षेपुरतं पुरेसं. निसर्गाला घाई नसते. सिलिका लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम इतकी उतरतेच, गरम पाण्यात आणखी. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत अशाच पाण्यातून सिलिका साठत गेली आणि क्वार्ट्झ, अकीक, जांभळा ॲमेथिस्ट तयार झाले. जळगाव, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) भागातल्या खाणींतले असे दगड जगभरच्या संग्रहांत गेले आहेत. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. तिथे एकदा मुलांना घेऊन जा, पुस्तकातल्या चित्रापेक्षा जास्त कळतं. उसाचं पान हाताला कापतं तेही मुळांनी शोषलेल्या याच सिलिकामुळे, फक्त तिथे ती स्फटिकरूप नसते.

पायरी ७: सराफाच्या काउंटरवर कसोटी

तीन पांढरे चकचकीत खडे समोर आहेत: हिरा, मॉयसनाइट आणि बाजारात ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतात तो. शेवटच्याचा डायमंडशी काही संबंध नाही, तो झिर्कोनियम डायऑक्साइड, आयनिक पदार्थ. मॉयसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच, नाव हेन्री मॉयसान या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञावरून. १८९३ मध्ये उल्केच्या तुकड्यात त्याला ते सापडलं होतं.

दुकानदार पेनासारखं यंत्र खड्याला टेकवतो. त्याचं टोक गरम असतं आणि खडा ती उष्णता किती झपाट्याने ओढून घेतो हे यंत्र मोजतं. हिरा वीज वाहत नाही, पण उष्णता तांब्याच्या सुमारे पाचपट चांगली वाहतो. मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, मग उष्णता कोण नेतं? जाळ्याची कंपनं. हलके अणू, ताठ बंध, एकसारखी रचना, त्यामुळे कंपन अडखळत नाही. ‘वीज नाही तर उष्णताही नाही’ हा धातूंवरून बांधलेला आडाखा इथे फसतो. अमेरिकन डायमंड यात लगेच नापास होतो.

मॉयसनाइट मात्र पास होतो! तेही ताठ जाळं, उष्णतेची वाहकता चांगली. म्हणून नवी यंत्रं विजेचीही चाचणी घेतात: बहुतेक मॉयसनाइट थोडीफार वीज वाहतं, नेहमीचा हिरा वाहत नाही. भिंगातून बघितलं तर मॉयसनाइटच्या आत पैलूंच्या कडा जुळ्या दिसतात, हिऱ्यात दिसत नाहीत. आणि घनता बघा: हिरा ३.५२, मॉयसनाइट ३.२, झिर्कोनिया ५.६ च्या वर. सारख्या आकाराचा खडा हाताला दीडपटीहून जड लागला तर तो हिरा नव्हे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा यातल्या एकाही कसोटीत सहसा वेगळा पडणार नाही, कारण त्याची रचना तंतोतंत तीच.

पायरी ८: तक्त्यातला अज्ञात पदार्थ ओळखा

परीक्षेत आकडे देऊन प्रकार विचारतात. स्वतः सोडवा, मग पुढे वाचा.

अ: द्रवणांक ८०१, घन असताना वीज नाही, वितळल्यावर वाहते.
आ: द्रवणांक ११४, कशातच वीज नाही.
इ: द्रवणांक १७१०, घन किंवा द्रव, वीज नाही, पाण्यात अविद्राव्य.
ई: द्रवणांक २८०० च्या वर, पाण्यात जवळजवळ अविद्राव्य, वितळल्यावर वीज वाहते.
उ: ३६०० च्या वर संप्लवन, घन असताना वीज वाहते, दाबलं की चुरा होतो.
ऊ: द्रवणांक ३४२२, घन असताना वीज वाहते, तार ओढता येते.

अ मीठ, आ आयोडीन, इ सिलिका. ई पाशी थांबा. नुसता मोठा आकडा बघून महाकाय सहसंयुज लिहिलंत तर गेलात. वितळल्यावर वीज म्हणजे आयन, तेव्हा तो मॅग्नेशियम ऑक्साइड. उ ग्राफाइट. ऊ टंगस्टन, कारण तार ओढता येते ती धातूची. द्रवणांक फक्त संशय निर्माण करतो, निकाल लावते ती वितळल्यावरची वाहकता.

पायरी ९: उत्तर लिहिताना

‘सिलिकाचा द्रवणांक जास्त का?’ याला चार वाक्यं पुरतात: ‘सिलिकाची रचना महाकाय सहसंयुज आहे. प्रत्येक सिलिकॉन अणू चार ऑक्सिजन अणूंशी आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉन अणूंशी सहसंयुज बंधांनी जोडलेला असतो. वितळण्यासाठी असे असंख्य भक्कम बंध तोडावे लागतात. त्यासाठी खूप ऊर्जा लागते.’ बंधाचा प्रकार, शेजाऱ्यांची संख्या, काय तुटतं आणि ऊर्जा, हे चारही आले पाहिजेत.

‘आंतररेण्वीय बल जास्त असल्यामुळे’ हे शब्द या उत्तरात चुकूनही आणू नका. रेणूच नाहीत तर आंतररेण्वीय काय असणार? या एका वाक्यावर परीक्षक उरलेलं बरोबर उत्तरही संशयाने वाचतो. ‘ग्राफाइटमध्ये आयन मोकळे असतात’ हेही तसंच, मोकळे असतात ते इलेक्ट्रॉन.

फुलरीन या यादीत घालू नका. १९८५ मध्ये सापडलेल्या त्या गोळ्यात ६० कार्बन अणू असतात, आणि ते तिथे संपतात. तो रेणू आहे, टोल्युइन या द्रवात विरघळून जांभळा रंग देतो. ग्राफीनचं उलट: २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्राफाइटचा एकच थर सोलून काढला गेला. तो जाडीला एक अणू असला तरी लांबी-रुंदीला संपत नाही, तेव्हा महाकाय सहसंयुजच.

सरावासाठी शेवटचा एक पदार्थ: बोरॉन नायट्राइड. एका रूपात ग्राफाइटसारखे षटकोनी थर, बोरॉन आणि नायट्रोजन एकाआड एक. रंग पांढरा, हाताला बुळबुळीत, पण वीज वाहत नाही. दुसरं रूप १९५७ मध्ये रॉबर्ट वेंटॉर्फने प्रचंड दाबाखाली मिळवलं, हिऱ्यासारख्या रचनेचं, आणि आज पोलाद कापायच्या हत्यारांत वापरलं जातं. पहिलं रूप बुळबुळीत का, हे चण्यांच्या दोन जाळ्यांवरून सांगता येईल. वीज का नाही, हे दुसऱ्या प्रश्नावरून: उरलेले इलेक्ट्रॉन इथेही आहेत, पण नायट्रोजन त्यांना स्वतःकडे ओढून धरतो, थरभर फिरू देत नाही. पोलादासाठी हिऱ्याऐवजी हे का वापरतात, तर तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळून हत्यार झिजतं, बोरॉन नायट्राइडचं तसं होत नाही.